पितळ प्लास्टिकसारखं का दिसतं?

ग्राफिक डिझाइन : वाचकांचे प्रश्न

गणपती जवळ आले की बडोद्यात मंडळांच्या पत्रिका, बॅनर, आरतीची पुस्तकं यांची कामं निघतात आणि ती बरीचशी कॉलेजातली मुलंमुली घरच्या लॅपटॉपवर करतात. त्यामुळे यावेळी बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीचे आलेत, कॉम्प्युटरवर काढलेली वस्तू खरी का वाटत नाही. पहिल्या प्रश्नाला जरा जास्त जागा दिलीये, कारण तो नीट कळला तर पुढचं अर्धं काम आपोआप होतं.

प्रश्न : ताई, मी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दांडिया बाजारला राहते, डिझाइन व्हिडिओ बघून शिकतेय. मंडळाच्या पत्रिकेवर पितळी समई काढलीये. व्हिडिओत सांगितलं तसंच केलं, पिवळा ते चॉकलेटी ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा), वर बेव्हल एम्बॉस (उठाव दाखवणारा तयार इफेक्ट), पांढरी चमक, खाली ड्रॉप शॅडो (तयार सावली). पण घरी सगळे म्हणतात प्लास्टिकची वाटते. रंग कितीदा बदलून पाहिला, फरकच पडत नाही.

उत्तर : रंग बदलून फरक पडणार नाही गं, कारण रंग बरोबरच आहे. इमेज मी झूम करून पाहिली, शेप छान आलाय, गडबड त्या पांढऱ्या चमकेत आहे. प्लास्टिकवर उजेड पडला की त्यातला अगदी थोडा, समोरून बघितलं तर साधारण ४ टक्के, वरच्यावर परत फिरतो आणि तो उजेडाच्याच रंगाचा राहतो. बाकीचा आत शिरतो, तिथे रंग घेतो आणि मग बाहेर येतो. म्हणून बादली लाल असो की निळी, तिच्यावरची चमक पांढरीच असते. धातूचं तसं नाही. धातूत आत शिरून बाहेर येणं हा प्रकारच नाही, आपल्याला दिसतं ते सगळं वरून परतलेलं, आणि पितळ निळा उजेड बराचसा गिळून टाकतं म्हणून परत येताना तो पिवळा होऊन येतो. म्हणजे पितळेवरची चमकसुद्धा पिवळीच हवी, फिकट पिवळी. बल्ब थेट दिसत असेल तिथे मधला ठिपका पांढरा होतो, पण त्याचीही कड पिवळी असते. तू शुद्ध पांढरा ब्रश मारलास आणि डोळ्याने लगेच ठरवलं की हे प्लास्टिक, मग खाली कुठलाही रंग असू दे.

आता दुसरी गोष्ट, आणि ही व्हिडिओवाले सहसा सांगत नाहीत. घरातली समई पितांबरीने घासून खिडकीशी ठेव, ट्यूबलाइट बंद कर आणि निवांत बघत बस. दांड्यावर एक उजळ उभा पट्टा दिसेल, तो खिडकीचा. त्याला अगदी लागून जवळजवळ काळा असा चॉकलेटी पट्टा, ती खोलीची अंधारी बाजू. मग परत एक मंद पट्टा, तो समोरच्या भिंतीचा. या पट्ट्यांच्या मधली कड बघ, एकदम स्वच्छ आहे, हळूहळू विरघळत नाहीये. जिथे दांड्याला गोल वळी आहे तिथे हेच सगळे पट्टे दाबून बारीक होतात, वाकतात आणि वळी संपली की परत सरळ होतात. आता तू स्वतः जरा बाजूला सरक, पट्टेही सरकतील, कारण ते समईचे नाहीतच, तुझ्या खोलीचे आहेत. चकचकीत धातूला स्वतःचा असा रूपरंग फार कमी, तो आजूबाजूचं दाखवतो. म्हणून एका बाजूने पिवळा आणि दुसऱ्या बाजूने चॉकलेटी असा मऊ ग्रेडियंट दिला की धातू होत नाही, रंगवलेली गोल काठी होते.

करायचं कसं ते सांगते. समईचा अर्धा आकार पेन टूलने काढ, फ्लिप करून जोड म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. प्रत्येक भाग वेगळ्या लेयरवर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे थर) ठेव, बैठक, दांडा, प्रत्येक वळी, वरची वाटी. सगळ्याला एकच मधला मातकट पिवळा भर. मग प्रत्येक भागावर क्लिपिंग मास्क लावून (म्हणजे रंग त्या भागाबाहेर जात नाही) वरच्या लेयरवर कडक ब्रशने गडद पट्टे आणि उजळ पट्टे मार, खिडकीशी ठेवलेल्या समईचा फोटो शेजारी उघडा ठेवून, आणि मग अगदी एक-दोन पिक्सेल ब्लर दे, जास्त नको. गडद पट्टे खरंच गडद कर, सगळ्यांचा हात तिथेच आखडतो. बेव्हल एम्बॉस काढूनच टाक, त्याला तुझ्या खोलीत खिडकी कुठे आहे ते माहीत नाही.

मग वापराच्या खुणा. वाटीच्या काठाला काजळी, तेलाचा एखादा ओघळ, वळीच्या खाचेत घासायचं राहिलेलं काळपट हिरवं. आपल्या घरातली समई अशीच असते, उठावाच्या जागी घासून घासून उजळ आणि खाचेत काळी, म्हणून खुणा कुठेही शिंपडू नकोस, हात पोचतो तिथे उजळ आणि पोचत नाही तिथे काळं असं ठेव. यात खूप मजा येते, सांगून ठेवते, रात्रीचे दोन कधी वाजतील कळणार नाही.

सावलीचं थोडक्यात. एकच ड्रॉप शॅडो दिली की वस्तू तरंगते. बैठकीच्या अगदी खाली एक बारीक, गडद, कडक रेघ लागते, जिथे पितळ जमिनीला टेकतं. मग त्याच्याबाहेर मोठी सावली, जी लांब जाईल तशी मऊ आणि फिकी होते. दोन्ही मल्टिप्लाय या ब्लेंड मोडवर (लेयर खालच्या रंगात मिसळायची पद्धत, ही खालचं गडद करते) आणि काळ्या नाही, जमिनीच्याच रंगाच्या गडद छटेत. शिवाय चकचकीत पितळ उजेड खालीही फेकतं, तेव्हा उजेड पडतो त्या बाजूला जमिनीवर थोडासा पिवळा झोत टाक. पत्रिकेवर गणपतीचा फोटो असेल तर त्याच्या सोंडेची सावली कुठल्या बाजूला पडलीये ते आधी बघ आणि समईचा उजेड तिकडूनच घे, नाहीतर एवढं सगळं करून दोघं वेगळ्या खोलीत बसल्यासारखे दिसतील.

प्रश्न : माझं मांजलपूरला फर्निचरचं दुकान आहे. संखेड्याच्या झोपाळ्याचा कॅटलॉग घरीच करतोय. मोठ्या पाटावर लाकडाचं टेक्श्चर (पृष्ठभागाची इमेज) लावलं की तीच गाठ परत परत दिसते, आणि लाखेची चमक काही केल्या येत नाही. वय ५८, नवं शिकतोय, सोपं करून सांगा.

उत्तर : काका, आधी गाठीचं बघू. टेक्श्चरची इमेज २००० पिक्सेलची असेल तर फोटोशॉपच्या फिल्टर मेनूत अदरच्या खाली ऑफसेट आहे, तिथे आडवं आणि उभं दोन्ही १००० टाका, रॅप अराउंड सिलेक्ट करा. कडा मधे येतात आणि जोड दिसायला लागतो, तो हीलिंग ब्रशने मिटवा. पण नुसता जोड मिटवून भागत नाही, तुम्हाला खटकतेय ती ठळक गाठ. फरशीसारखी पसरायची इमेज असेल तर तिच्यात कुठलीच ठळक खूण नको, गाठी सगळ्या पुसून टाका आणि टेक्श्चर पसरून झाल्यावर दोन-चार गाठी वेगळ्या लेयरवर हाताने ठेवा. वर क्लाउड्सचा (ढगांसारखे डाग काढणारा फिल्टर) एक लेयर सॉफ्ट लाइट या ब्लेंड मोडवर, ओपॅसिटी म्हणजे ठळकपणा १५-२० टक्के, म्हणजे पाट कुठे थोडा गडद कुठे फिका होतो आणि डोळ्याला तोचतोचपणा सापडत नाही.

हे क्लाउड्ससारखे फिल्टर ज्या विचारावर चालतात त्यात केन पर्लिन या माणसाचं मोठं काम आहे. कॉम्प्युटरवरच्या वस्तू फारच यंत्री आणि गुळगुळीत दिसतात याचा त्याला वैताग आला आणि १९८३ मध्ये त्याने असा नॉइज (फिक्या-गडदाचा विस्कळीत नमुना) बनवला जो बेभरवशाचा तर आहे पण तुटक नाही, एका ठिकाणाहून शेजारी जाताना हळूहळू बदलतो, लाकूड आणि संगमरवरात बदलतो तसा. १९९७ मध्ये त्याला त्यासाठी ऑस्करवाल्या अकादमीचं तांत्रिक अवॉर्ड मिळालं. साधा अ‍ॅड नॉइज दिला की वाळू दिसते आणि असा नॉइज एका दिशेने ताणला की लाकडाचे रेषे, फरक एवढाच आहे.

आणखी एक, रेषे लाकडाच्या लांबीने धावतात. पायाचा रेषा उभा, आडव्या दांडीचा आडवा, आणि जिथे लाकूड कापलंय त्या तोंडावर रेषा नाही, गोल वलयं. सगळीकडे एकाच दिशेने टेक्श्चर लावलं की सुताराला लगेच कळतं, आणि तुमचं गिऱ्हाईकही तेवढं जाणतं.

आता लाख. वरच्या प्रश्नात मी पांढऱ्या चमकेला नको म्हटलं, इथे मात्र पांढरीच हवी. लाख धातू नाही. खाली सागाचं कातलेलं लाकूड, त्यावर मरून आणि सोनेरी नक्षी, आणि त्यावर पारदर्शक चकचकीत थर, म्हणजे इथे दोन गोष्टी एकावर एक दिसतात. नक्षीचा लेयर मऊ उजेडात रंगवा, त्यात चमक अजिबात घालू नका. मग सगळ्याच्या वर एक लेयर स्क्रीन या ब्लेंड मोडवर ठेवून कडक कडेची बारीक पांढरी चमक द्या, कातलेल्या पायाच्या प्रत्येक फुगवट्यावर एक, सगळ्या एकाच बाजूला. ही चमक नक्षीच्या मधून सरळ जाऊ दे, नक्षी बघून वाकवू नका. आणि अगदी तिरप्या कोनातून दिसणाऱ्या कडेवर चमक वाढते, पाटाकडे डोळा खाली नेऊन बघा म्हणजे पटेल. दुकानात माल समोर आहे तुमच्या, यासारखी सोय विद्यार्थ्यांना नसते.

प्रश्न : फोटोशॉप परवडत नाही, लॅपटॉप जुना. फुकटात काय मिळेल?

उत्तर : गिंप आणि क्रिटा, दोन्ही कायदेशीर फुकट. क्रिटात डब्ल्यू दाबलं की इमेज चारी बाजूंनी पसरलेली दिसते आणि तशीच रंगवता येते, टेक्श्चरसाठी यापेक्षा सोपं मी पाहिलेलं नाही. तयार टेक्श्चर हवी असतील तर पॉली हेवन आणि अ‍ॅम्बियंट सीजी या वेबसाइट, धंद्याच्या कामातही बिनधास्त वापरा. पण आधी आपल्या मोबाइलवर भिंत, फरशी, गोणपाट यांचे फोटो काढा, ढगाळ दिवशी, फोन अगदी समोर धरून, म्हणजे त्यात कुठल्याच बाजूची सावली येत नाही आणि उजेड नंतर हवा तसा देता येतो.

प्रश्न : माझं ड्रॉइंग कच्चं आहे. तरी हे जमेल का? लोक म्हणतात आता एआय करून देतं, शिकायचं कशाला?

उत्तर : जमेल. यात हातापेक्षा डोळा जास्त लागतो आणि डोळा तयार करायला बडोद्यासारखं गाव नाही. एका रविवारी लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या महाराजा फतेसिंह म्युझियममध्ये जा, राजा रविवर्म्याची चित्रं तिथे आहेत, सयाजीराव महाराजांनी त्याच्याकडून मुद्दाम करवून घेतलेली. साडीचा जरीचा काठ आणि दागिने यांच्यापुढे उभे राहा, आधी लांबून मग जितकं जवळ जाऊ देतील तितकं. सोनं म्हणून जे लांबून झळकतं ते जवळून बघितलं तर बरंचसं मातकट आणि चॉकलेटी असतं, फिकट पिवळा रंग उजेड पडतो तेवढ्याच जागी. झळकणारा सोनेरी रंग कॉम्प्युटरच्या पॅलेटमध्येही नाही, तोही असाच करावा लागतो. दुसऱ्या रविवारी सयाजीबागेतलं म्युझियम, तिथल्या पिक्चर गॅलरीत युरोपातली जुनी तैलचित्रं आहेत, त्यातली कापडं आणि भांडी बघा.

एआयबद्दल माझं स्पष्ट मत आहे. वापरा, पण त्याने दिलेल्या समईत वळीवरचे पट्टे वाकलेत का, सावली टेकलीये का हे ओळखायला तुम्हालाच यावं लागेल, आणि गिऱ्हाईकाने "ज्योत डावीकडे घ्या, उजेडही तिकडूनच द्या" म्हटलं की दुरुस्तीही तुम्हालाच करावी लागेल.

प्रश्न : बॅनरवर गडद ग्रेडियंट स्क्रीनवर छान दिसतो, प्रिंटमध्ये पट्टे पडतात. प्रेसवाला म्हणतो फाइलचा दोष.

उत्तर : बहुतेक वेळा फाइलच. ८ बिटच्या फाइलमध्ये एका चॅनेलला (फाइलमधल्या एका मूळ रंगाला) २५६ पायऱ्या मिळतात, आणि तुम्ही गडद निळ्यापासून जरा कमी गडद निळ्यापर्यंत दहा फुटांचा ग्रेडियंट दिला तर त्यातल्या वीस-पंचवीसच वापरात येतात, त्या पायऱ्या दिसतातच. फाइल सुरुवातीपासून १६ बिटमध्ये करा आणि शेवटी ग्रेडियंटच्या लेयरवर १-२ टक्के नॉइज टाका, मोनोक्रोमॅटिकवर टिक करून. स्क्रीनवर किंचित खरखरीत दिसेल, तसंच राहू द्या, छापल्यावर दिसत नाही. आधी एका कोपऱ्याची फूटभर पट्टी छापून मागा आणि मगच पूर्ण बॅनर सोडा.