वाचकांचे प्रश्न : सॉकेटची मेमरी जाते कुठे?

प्रश्न (लातूर) : मोंढ्यातल्या वजनकाट्यांवरून प्रत्येक गाडीचं वजन आणि फोटो आमच्या लिनक्स सर्व्हरवर येतो. रॅम ४ जीबी. सोयाबीनची आवक वाढली की दुपारनंतर नोंदी अडकतात. कर्नलच्या (लिनक्सचा गाभा) लॉगमध्ये ‘टीसीपी : आउट ऑफ मेमरी’ येतं, पण ‘टॉप’मध्ये (चालू प्रोसेसची यादी) एकही प्रोसेस फुगलेली दिसत नाही. सर्व्हिस रीस्टार्ट केली की चार तास बरं चालतं. सॉकस्टॅट फाइलमध्ये इनयूज (वापरातली सॉकेटं) ३९६८, मेम ९१६९५ आहे. टीसीपी_मेमचे (टीसीपीच्या एकूण मेमरीच्या हद्दी) आकडे ४५८९१, ६११९०, ९१७८२. ते वाढवू का?

उत्तर : आत्ता तरी वाढवू नका. आधी हे आकडे नीट वाचू या. सॉकेट म्हणजे नेटवर्कवरच्या जोडणीचं आपल्या यंत्रातलं टोक. सॉकस्टॅटमधला ‘मेम’ आणि टीसीपी_मेमचे तिन्ही आकडे पानांमध्ये, म्हणजे मेमरीच्या ठरावीक तुकड्यांत, असतात. एक पान ४ केबीचं. म्हणजे तुमची सॉकेटं सुमारे ३५८ एमबी अडवून बसली आहेत. दुसरा आकडा, साधारण २३९ एमबी, ओलांडला की कर्नल हात आखडता घेतो. तिसरा ही शेवटची हद्द, आणि तुम्ही तिला टेकलेले आहात. ही मेमरी कर्नलची, म्हणून ‘टॉप’मध्ये ती कुणाच्याच नावावर दिसत नाही.

आता ती कुणी अडवली ते बघा. सॉकेटांची यादी देणारी ‘एसएस’ आज्ञा मेमरी आणि प्रोसेस दाखवण्याच्या पर्यायांसह चालवा आणि क्लोज-वेट अवस्थेतली सॉकेटं वेगळी काढा. आमचा अंदाज असा की तिथे हजारो ओळी निघतील. क्लोज-वेट म्हणजे वजनकाट्याने आपलं काम संपवून जोडणी बंद केली, पण तुमच्या प्रोग्रामने अजून केली नाही. फोटो समजा ५७,९२० बाइटचा असेल, तर रिसीव्ह-क्यूमध्ये (आलेला पण न वाचलेला मजकूर) ५७९२१ दिसेल. वरचा १ हा समोरून आलेल्या ‘फिन’चा, म्हणजे जोडणी बंद केल्याच्या खुणेचा. असा आकडा दिसला की समजा, प्रोग्रामने त्या फोटोतला एक बाइटही वाचलेला नाही.

त्याच ओळीत स्केमेम या सॉकेटच्या मेमरीच्या नोंदीतल्या कंसात ‘आर’पुढे मात्र ९२१६० च्या आसपास आकडा असेल. गोंधळू नका. कर्नल नुसता मजकूर मोजत नाही, पॅकेटसाठी घेतलेली अख्खी जागा मोजतो. १४४८ बाइटच्या तुकड्याला पुष्कळ नेटवर्क कार्डांवर २३०४ बाइट लागतात. असे ४० तुकडे, गुणिले जवळजवळ चार हजार सॉकेटं. हिशोब तुमच्या ३५८ एमबीच्या जवळ येऊन ठेपतो.

ओळीत प्रोसेसचं नाव आहे का, तेही पाहा. नाव असेल तर प्रोग्रामने जोडणी घेतली आणि पुढे तो अडकला; बहुधा डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत. नाव नसेल तर जोडणी अजून अ‍ॅक्सेप्टच्या रांगेतच, म्हणजे प्रोग्रामने हाती घेण्याची वाट पाहत, आहे. नव्या कर्नलमध्ये ही रांग ४०९६ पर्यंत जाऊ शकते.

दुरुस्ती प्रोग्राममध्येच करायची. फोटो आला की लगेच वाचून डिस्कवर टाका, डेटाबेसची नोंद वेगळ्या रांगेतून होऊ द्या. वाचनाला ३० सेकंदांची मुदत घाला. चूक झाली तरी सॉकेट बंद होईलच, अशी वाट प्रत्येक ठिकाणी ठेवा. नेमकी ‘एरर’ची वाटच बहुतेकांकडून विसरली जाते. रीस्टार्टने बरं वाटतं कारण प्रोसेस मेली की तिची सगळी सॉकेटं बंद होतात आणि न वाचलेला मजकूर कर्नल फेकून देतो. म्हणजे त्या गाड्यांचे फोटो गेलेच. वजनावर शेतकऱ्याचा पैसा ठरतो, म्हणून हे आजच करा.

टीसीपी_मेम आंधळेपणाने वाढवण्यातला धोकाही सांगून ठेवतो. टीसीपी_आरमेम, म्हणजे एका सॉकेटला येणारा मजकूर साठवण्याच्या जागेची (बफरची) हद्द, बाइटमध्ये असतं. त्याच सवयीने कुणी टीसीपी_मेममध्ये १६७७७२१६ लिहिलं, तर ती १६ एमबी नव्हे, ६४ जीबीची हद्द होते. मग ४ जीबीच्या यंत्रावर कर्नल मेमरीसाठी प्रोसेस मारायला लागतो, आणि पहिला बळी बऱ्याचदा डेटाबेसचा जातो.

प्रश्न (परभणी) : सॉकेटची मेमरी कमी पडते तर स्वॅप (रॅमला जोड म्हणून डिस्कवरची जागा) वाढवून भागेल का?

उत्तर : नाही. सॉकेटचे बफर स्वॅपमध्ये जातच नाहीत.

प्रश्न (जालना) : मुंबईच्या सर्व्हरवरून रोजचा बॅकअप इथे उतरवतो. लाइन ३०० एमबीपीएस, पिंग २० मिलिसेकंद, पण वेग ८५ च्या पुढे जात नाही. प्रोग्राममध्ये एसओ_आरसीव्हीबफ (सॉकेटच्या रिसीव्ह बफरचं माप) १ एमबी दिलेलं आहे.

उत्तर : ती ओळच काढून टाका. तुम्ही १ एमबी मागितलंत, पण आरमेम_मॅक्स, म्हणजे त्या मापाची कमाल हद्द, सहसा मुळात २१२९९२ असतं. कर्नल तेवढ्यावर छाटतो आणि मग दुप्पट करून ४२५९८४ ठेवतो. त्यातला साधारण निम्मा भाग पॅकेटांच्या वरखर्चासाठी धरलेला असतो, म्हणून खिडकी, म्हणजे पोच येण्याआधी वाटेत असू शकणारा मजकूर, उरते २१२९९२ बाइटची. २० मिलिसेकंदांत एवढाच मजकूर वाटेत असू शकतो, आणि त्याचा वेग येतो ८५ एमबीपीएस. ३०० एमबीपीएससाठी तुम्हाला हवे आहेत ७,५०,००० बाइट. शिवाय एसओ_आरसीव्हीबफ हाताने दिलं की कर्नलची आपोआप वाढवण्याची सोय त्या सॉकेटपुरती बंद पडते. ओळ काढली की टीसीपी_आरमेमचा तिसरा आकडा लागू होतो. तो सहसा ६२९१४५६ असतो, म्हणजे तुमच्या गरजेला भरपूर. एवढं करूनही वेग वाढला नाही, तर मुंबईकडच्या सर्व्हरवर कुणी एसओ_एसएनडीबफ (पाठवण्याच्या बफरचं माप) बांधून ठेवलं आहे का ते विचारा.