जिप्सीचं इंजिन विमानाला लावण्याआधी

कोथरूड, पुणे

प्रिय लेकी,

तुझं पत्र आणि घरी बांधायच्या विमानाला लावायला घेतलेल्या मारुती जिप्सी गाडीच्या इंजिनाचे फोटो मिळाले. हेड उतरवून व्हॉल्व्ह नीट बसवलेत, ब्लॉक घासून लख्ख केलाय, एकेका बोल्टला चिठ्ठी बांधून ठेवलीय. सुट्या भागांसाठी नाना पेठेत तू किती उन्हातान्हात फिरली असशील ते दिसतंय. आणि शेवटी ती एक ओळ: ‘काका, तुम्हीही मला वेड्यात काढणार का?’ त्या ओळीसाठी हे पत्र लिहायला बसलो.

वेड्यात काढणार नाही. हँगरवरच्या ज्येष्ठांनी तुझं म्हणणं पुरतं ऐकूनही न घेता ‘गाडीचं इंजिन गाडीतच शोभतं’ म्हणून तुला वाटेला लावलं, हे मला लागलं. पण तुझ्या पत्रातलं दुसरं एक वाक्यही तितकंच लागलं. छोट्या विमानांच्या नेहमीच्या, प्रमाणपत्राचा शिक्का असलेल्या इंजिनाबद्दलचं: ‘लायकमिंग म्हणजे 1950 च्या दशकातलं ट्रॅक्टरचं इंजिन, शिक्क्याचे पैसे घेतात.’ हे वाक्य तुझं नाही, कुणाकडून तरी उचललंयस. घरी विमान बांधणाऱ्यांमध्ये ही दोन वाक्यं वर्षानुवर्षं एकमेकांवर फेकली जातात, आणि ती एकदा फेकून झाली की दोन्हीकडची माणसं पुढचं काही विचारेनाशी होतात.

ज्येष्ठांना एक आठवण करून द्यायला हवी. विमानाची सुरुवात झाली तेव्हा विमानाचं इंजिन नावाची वस्तूच नव्हती. राइट बंधूंनी मोटारींच्या कारखानदारांना पत्रं घातली, पण हवं तेवढं हलकं इंजिन कुणी देईना. मग त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलर या मेकॅनिकनं ॲल्युमिनियमचं क्रँककेस असलेलं चार सिलिंडरचं, साधारण 12 हॉर्सपॉवरचं इंजिन दुकानातच घडवलं आणि 1903 च्या डिसेंबरात ते उडालं. 1929 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात बर्नार्ड पीटनपोल यांनी फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन आपल्या लाकडी विमानाला लावलं. ते एअर कँपर विमान लोक अजूनही बांधतात. पुढे बीटलचं एअर-कूल्ड फोक्सवॅगन इंजिन कित्येक छोट्या विमानांवर बसलं. तेव्हा तू जे करू पाहतेस त्याची परंपरा जुनी आणि मानाची आहे.

पण त्या जुन्या इंजिनांत एक गोष्ट होती, जी तुझ्याकडच्या इंजिनात नाही. फोर्डचं ते इंजिन मुळात सावकाश फिरायचं, म्हणून प्रोपेलर थेट क्रँकला लावता आला. तुझं 1.3 लिटरचं जिप्सी 80 हॉर्सपॉवर देतं ते 6000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 6000 फेरे घेताना. आता सहा फुटी प्रोपेलर घे आणि स्वतः गणित कर. 2700 आरपीएमला त्याची टोकं सेकंदाला साधारण 258 मीटरनं पळतात. तोच प्रोपेलर 5500 ला फिरवलास तर सव्वापाचशे मीटरच्या पुढे. आवाजाचा वेग 340 च्या आसपास. म्हणजे नुसता गोंगाट होणार, ओढ मिळणार नाही. लायकमिंगचं ओ-320 इंजिन 5.2 लिटरचं असून 2700 ला 150-160 हॉर्सपॉवर देतं, याची ‘एवढं मोठं आणि एवढंसंच?’ म्हणून चेष्टा होते. ते तसं आहे कारण ते प्रोपेलरच्या वेगानं फिरायला बनवलंय. तुला मध्ये रिडक्शन ड्राइव्ह, म्हणजे फेरे कमी करणारा गिअरबॉक्स, घालावा लागेल, आणि खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

माझीच गोष्ट सांगतो, आजवर तुला सांगितली नाही. तीसेक वर्षांपूर्वी भोसरीत एका मित्राच्या शेडमध्ये आम्ही मारुती 800 चं तीन सिलिंडरचं इंजिन स्टँडवर चढवलं होतं. गिअरबॉक्स आम्हीच बनवलेला, मध्ये दोन शाफ्ट जोडणारं रबरी कपलिंग. पूर्ण थ्रॉटलला वीस मिनिटं सुरेख चाललं. आम्ही पेढे आणले. मग थ्रॉटल खाली घेतला आणि इंजिन बाराशेच्या आसपास सोडून गप्पा मारत उभे राहिलो. आधी जळक्या रबराचा वास आला. बघायला वळेपर्यंत कपलिंग फाटलं होतं आणि त्याचा एक बोल्ट शेडच्या पत्र्यातून आरपार गेला होता. मित्राचं डोकं त्या भोकापासून हातभर अंतरावर होतं.

कारण समजायला आम्हाला दोन महिने लागले. तीन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दीड वेळा धक्का देतं. बाराशे आरपीएमला सेकंदाला 30 धक्के. एका बाजूला हे धक्के, दुसऱ्या बाजूला प्रोपेलरचं जड चाक, मध्ये रबराची स्प्रिंग. झोक्याला त्याच्याच लयीत ढकललं की तो चढत जातो, तसंच इथे झालं. आमच्या स्प्रिंगची लय नेमकी त्याच 30 च्या जवळ पडली होती. पूर्ण थ्रॉटलला ती लय जुळत नव्हती म्हणून सगळं शांत वाटलं. आम्ही दोघंही कारखान्यात इंजिनांवर काम करणारे, आणि टॉर्शनल व्हायब्रेशनचा, म्हणजे शाफ्टला पीळ देणाऱ्या या कंपनांचा, हिशेब एकदाही मांडला नव्हता. ‘गिअरचे दात मजबूत आहेत ना, मग झालं,’ एवढाच आमचा विचार. तुझ्या इंजिनाला चार सिलिंडर, म्हणजे फेऱ्याला दोन धक्के. तुझा हिशेब वेगळा येईल, पण तो मांडावा लागेलच.

आता तू म्हणशील, आणि तू कारखान्यात इंजिनं तपासायच्या टेस्ट बेडवर काम करतेस म्हणून तुझं म्हणणं खरंही आहे, की गाडीचं इंजिन कच्चं नसतं. हँगरवर म्हणतात, एक्सप्रेसवेवर ताशी शंभरनं जाताना गाडीला वीस-पंचवीस हॉर्सपॉवर पुरतात, आणि विमानात तेच इंजिन तासन् तास 75 टक्क्यांवर राबतं. जणू बोरघाट चढतोय आणि खंडाळा येतच नाही. हे बरोबर. पण तुझ्या चिंचवडच्या डायनोवर, म्हणजे इंजिनावर भार टाकून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, ते शेकडो तास पूर्ण लोडवर चालवलेलं असतं, हे त्यांना ठाऊक नसतं. पिस्टन, क्रँक, बेअरिंग यांच्याबद्दल मी तुझ्याच बाजूनं आहे.

मात्र तुझ्या टेस्ट बेडकडे एकदा वेगळ्या नजरेनं बघ. इंजिनाला पाणी कूलिंग टॉवरवरून येतं, हवं तेवढं. पेट्रोल ठरावीक दाबानं, ठरावीक तापमानाचं. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वीज महावितरणची, ती गेली तर जनरेटरची. डायनोचा शाफ्ट कुणीतरी हिशेब करून निवडलेला. आणि काही बिघडलं तर लाल बटण दाबून तू चहाला जातेस. विमानात गाडीची इंजिनं बंद पडतात ती बहुतेक वेळा याच गोष्टींपायी: इंधन, वीज, कूलिंग आणि ड्राइव्ह. टेस्ट बेडवर ज्या चार गोष्टी तुला आयत्या मिळतात, त्या विमानात तुला एकटीला, वजन राखून, पहिल्यांदाच बनवायच्या आहेत. तू इंजिन बसवत नाहीयेस, तू अख्खा टेस्ट बेड उडवणार आहेस.

विजेचं एक उदाहरण तर माझ्या मनातून जात नाही. 2007 मध्ये जर्मनीत श्पायरला एक दोन इंजिनी डायमंड डीए-42 विमान उडालं. इंजिनं मर्सिडीज गाडीच्या डिझेलवरून बनवलेली, रीतसर प्रमाणपत्र मिळालेली. बॅटरी उतरली होती म्हणून बाहेरून वीज देऊन सुरू केलं होतं. उडाल्यावर चाकं वर घेतली, त्या ओढीनं व्होल्टेज पडलं, दोन्ही इंजिनांचे कॉम्प्युटर रीसेट झाले आणि दोन्ही इंजिनं एकदम थांबली. दोन्ही इंजिनांत यांत्रिक दोष काही नव्हता. लायकमिंगवरच्या दोन मॅग्नेटोंना, म्हणजे फिरता फिरता स्वतःच ठिणगीची वीज बनवणाऱ्या यंत्रांना, बॅटरी लागत नाही; जुनाट म्हणून ज्यांना नाक मुरडतात त्याच त्या. तुझ्या इंजिनाला इंजेक्टर, ईसीयू, इलेक्ट्रिक पंप, सगळ्यांना वीज हवी. दोन बॅटऱ्या, दोन पंप, दोन स्वतंत्र वायरी, आणि एक बंद पडलं तर दुसरं हात न लावता चालू राहील अशी मांडणी. हे आधी कागदावर काढ.

पेट्रोलचंही तसंच. आपल्या पंपांवर आता ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. छोट्या विमानांची इंजिनं बनवणारी रोटॅक्स कंपनी आपल्या 912 इंजिनाला 10 टक्के इथेनॉलपर्यंतच मुभा देते. तुझी जिप्सी ई-20 येण्याच्या कितीतरी आधीची. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाला उतरतात, जिथून तुझी नळी पेट्रोल घेते. जुन्या रबराच्या नळ्या आणि फायबरग्लासच्या टाकीचं रेझिन, दोन्ही त्यात महिनाभर बुडवून ठेवून बघ. एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, वापरीन म्हणशील, तर 2022 पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवतं, पण त्यात शिसं असतं. तुझा ऑक्सिजन सेन्सर त्यानं खराब होईल. पंप मात्र टाकीजवळ आणि खाली ठेव. इंजिनाजवळून ओढणारा पंप मे महिन्यात तापलेल्या नळीत वाफ धरतो.

मे महिन्यावरून आठवलं. लोहगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून 590 मीटरवर आहे. चाळीस अंशांच्या दुपारी तिथली हवा साधारण 1600 मीटर उंचीवर असावी इतकी विरळ होते. तुझ्या 80 पैकी दहा-बारा हॉर्सपॉवर धावपट्टीवरच गेले. शिवाय रेडिएटर, त्यातलं पाणी, गिअरबॉक्स यांचं वजन.

या सगळ्यावरून मी ज्येष्ठांच्या बाजूचा आहे असं समजू नकोस. प्रमाणपत्राचा शिक्काही आंधळेपणानं पुजू नये. 1970 च्या दशकाच्या शेवटी सेसना 172 मध्ये आलेल्या ओ-320-एच2एडी इंजिनाचे कॅमशाफ्ट आणि टॅपेट झिजत होते, आणि त्याचे दोन्ही मॅग्नेटो एकाच शाफ्टवर फिरत. शिक्का तरीही होताच. उलट रोटॅक्सला एके काळी ‘बर्फावरच्या स्कूटरचं इंजिन’ म्हणून हिणवत. 1989 मध्ये 912 आलं तेव्हाही गिअरबॉक्स, पाण्याचं कूलिंग, 5800 आरपीएम या सगळ्यावर हेच आक्षेप होते. आज बंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान-संशोधन संस्थेचं हंसा हे छोटं विमान रोटॅक्सवर उडतं, आणि घरी बांधायच्या विमानांचे सुटे संच विकणाऱ्या, नुसतं लायकमिंगच सुचवणाऱ्या व्हॅन्स कंपनीनं आपल्या आरव्ही-12 विमानाला तेच लावलं. कुणी वाद जिंकला म्हणून हे झालं नाही. हजारो विमानांवर तास जमत गेले, काय तुटलं ते लिहिलं गेलं, दुरुस्त झालं. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला चाचणीचे तास ठरवून देतात: प्रमाणित इंजिन-प्रोपेलरची जोडी असेल तर साधारण 25, नसेल तर 40. तिथला कायदा कुणाला हसत नाही, बंदीही घालत नाही. पंधरा तास जास्त मागतो. मला ही वृत्ती फार आवडते.

आता माझा सल्ला. आधी रात्री एकटी बसून ठरव, तुला उडायचंय की इंजिन बनवायचंय. दोन्ही चांगलं, पण दोन्ही एकदम होत नाही. उडायचं असेल तर कर्ज काढून रोटॅक्स घे. जुनं चालेल, पण त्याचं लॉगबुक पूर्ण हवं. पैसे वाचवायला म्हणून जिप्सी लावू नकोस. ड्राइव्ह, रेडिएटर, दुसरी वीज आणि गेलेली वर्षं धरलीस तर वाचत नाहीत.

आणि इंजिनच बनवायचं असेल, तर मी तुझ्याबरोबर आहे, सगळ्या रविवारांसकट. मग विमान मात्र जुनं, शेकडोंनी उडवलेलं घे. नवं विमान आणि नवं इंजिन एकत्र नको. इंजिन स्टँडवर शंभर तास चालव, पण विमानातला प्रोपेलर, विमानातली टाकी, विमानातलं कूलिंग आणि विमानातल्याच बॅटऱ्या लावून, नाक चढणीला असतं तितकं वर करून. आयडलला, म्हणजे थ्रॉटल खाली घेऊन, जास्त वेळ चालव, आमची चूक लक्षात ठेव. प्रत्येक बिघाड वहीत लिही आणि हँगरवर स्वतःहून सांग, लपवू नकोस. कुणी ‘होत नाही’ म्हणालं तर चिडू नकोस, ‘तुम्ही पाहिलेल्यात नेमकं काय तुटलं?’ असं विचार. त्यांच्यातल्या एकानं तरी आपला माणूस असाच गमावलेला आहे. त्याच्या रागामागे ते आहे, आणि त्याला माहीत असलेलं तुला कुठल्याही मॅन्युअलात मिळणार नाही.

डीजीसीएची, म्हणजे विमानांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याची, कागदपत्रं आत्तापासून सुरू कर. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांचं विमान 2016 मध्ये मुंबईत साऱ्यांनी पाहिलं, तरी नोंदणी व्हायला 2017 उजाडलं.

आणि ग्लायडिंग शीक. मी हडपसरला विंचवर, म्हणजे दोरानं ग्लायडर ओढून वर चढवणाऱ्या यंत्रावर, शिकलो. इंजिन नसलेलं विमान शांतपणे खाली आणता येणं, हे तुझ्या या प्रयोगासाठी दुसऱ्या बॅटरीइतकंच गरजेचं आहे. हे मी अट म्हणून सांगतोय.

येत्या रविवारी सकाळी घरी ये. काकू थालीपीठ करणार आहे. टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या नळ्यांचं चित्र काढून आण, एकेक जोड दाखवून. ते फाटलेलं कपलिंग मी अजून ठेवलंय, माळ्यावरून काढून ठेवतो.

तुझा,
काका