कॉलेज बास्केटबॉलचा कोच थोर कशामुळे ठरतो?

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये खेळाडूंपेक्षा कोचचाच उदोउदो का, आणि त्यांतला थोर कोणाला म्हणायचं, असं तुम्ही विचारलंय. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पोरं फार तर चार-पाच वर्षं खेळून निघून जातात, कोच तिथेच राहतो. दर वर्षी संघाची घडी नव्याने बसवायची. म्हणून माझ्या मते तो आधी मास्तर हवा, डावपेचवाला नंतर.

जॉन वुडन घ्या, लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे कोच. १९६४ ते १९७५ या १२ मोसमांत १० राष्ट्रीय विजेतेपदं, त्यांतली ७ सलग. हे सगळेच सांगतात. पण ते १९४८ मध्ये तिथे रुजू झाले आणि पहिलं विजेतेपद सोळाव्या मोसमात आलं, हे सहसा कोणी सांगत नाही. आज एवढा धीर कोण धरेल?

वुडन मूळचे इंग्रजीचे शिक्षक. मोसमाच्या सुरुवातीला ते भल्याभल्या खेळाडूंना खाली बसवून मोजे कसे चढवायचे ते शिकवायचे. सुरकुती राहिली की फोड, फोड आला की सराव बुडाला. (आमच्या कॉलेजात सिमेंटचं कोर्ट होतं आणि सर 'पाच चकरा मारा' म्हणून चहाला जायचे. मोज्यांचं वाचून आधी हसलो, मग स्वतःच्या टाचा आठवल्या.)

सराव दोन तासांचा, आणि सहायकांबरोबर त्याची आखणी करायलाही जवळजवळ तेवढाच वेळ. कुठलं ड्रिल किती मिनिटं, ते कार्डावर लिहिलेलं. १९७४-७५ च्या मोसमात गॅलिमोर आणि थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी सरावाला बसून वुडन काय काय बोलतात ते टिपलं. २,३२६ नोंदी झाल्या. त्यांतल्या सुमारे ७५ टक्के म्हणजे निव्वळ शिकवणं: हे असं कर, हे असं नको. शाबासकी जेमतेम ७ टक्के, रागावणंही साधारण तितकंच. चूक झाली की आधी बरोबर करून दाखवायचं, मग खेळाडूने काय केलं ते, मग पुन्हा बरोबर. काही सेकंदांत आटोपलं.

'करीम अब्दुल-जब्बार आणि बिल वॉल्टनसारखे ताडमाड उंच खेळाडू मिळाले तर कोणीही जिंकेल', असंही लोक म्हणतात. अर्धं खरं. पण १९६४ च्या संघात सुरुवातीच्या पाचांत साडेसहा फुटी एकही नव्हता. तो संघ जिंकला समोरच्यांना पूर्ण कोर्टभर दाबून धरण्यामुळे, आणि त्याचा आग्रह धरला होता सहायक जेरी नॉर्मन यांनी. वुडननी ऐकलं, हाही मोठेपणाच. डागही आहे: खेळाडूंवर मेहेरबानी करणारा एक धनाढ्य बिल्डर संघाभोवती घुटमळायचा, तिकडे त्यांनी पुरेसं लक्ष दिलं नाही.

माझं मत मात्र टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट यांना. १९७४ मध्ये २२ व्या वर्षी महिला संघ हाती घेतला तेव्हा संघाची गाडी त्याच चालवायच्या, जर्सीही त्याच धुवायच्या. पुढे १,०९८ विजय, ८ विजेतेपदं. आणि त्यांच्या हाताखाली पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊनच बाहेर पडली.