हसतमुख, प्रेमळ, मनस्वी. पण दिसत नाही

प्रश्न : माझी आत्या चित्रकार होती. जलरंगातली निसर्गचित्रं आणि पुस्तकांसाठी काढलेली रेखाचित्रं हे तिचं मुख्य काम. मागच्या वर्षी ती गेली. पहिल्या स्मृतिदिनाला घरच्यांसाठी आणि तिच्या मित्रमंडळींसाठी एक लहानसं पुस्तक काढायचं ठरवलं, सगळ्यांकडून लेख मागवले. प्रत्येक लेखात ती हसतमुख आहे, प्रेमळ आहे, मनस्वी आहे. खोटं काहीच नाही, पण वाचताना आत्या दिसत नाही. त्यात आई म्हणते, मधली काही वर्षं तिने ब्रशला हात लावला नव्हता आणि मनासारखं झालं नाही की चित्रं फाडायची, हे लिहू नकोस. काय करू?

उत्तर : लेख पाठवणाऱ्यांना दोष देऊ नका. ‘आत्याबद्दल काहीतरी लिहा’ एवढंच म्हटलं की माणसाच्या मनात आधी गौरवच येतो, आणि गौरवाचे शब्द सगळ्यांकडे सारखेच असतात. आता त्याच मंडळींना पुन्हा फोन करा. लिहायला सांगू नका, प्रश्न विचारा आणि ती काय बोलतात ते तुम्ही लिहून घ्या.

कागद बोर्डावर कसा ताणायची? भिजवून कडेने गमटेप लावायची, की नुसते चिमटे? पाणी कधी बदलायची? उजेड कुठल्या बाजूने लागायचा? पांढरा रंग वापरायची, की पांढऱ्यासाठी कागद कोराच सोडायची? चित्र झालं हे तिला कशावरून कळायचं? फसलेल्या कागदाच्या पाठीवर पुन्हा काही काढायची का? काम चालू असताना कुणी खोलीत आलं तर काय म्हणायची? कशाला हात लावलेला तिला चालत नसे? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मुलांना विचारा, म्हणजे तेव्हा जी मुलं होती त्यांना. ओरडा खाल्लेल्या वस्तूची जागा, रंग, वास, सगळं त्यांना आठवतं.

आणि एका माणसाला अगदी आवर्जून विचारा. आत्या कामाला बसली की घरातलं बाकीचं कोण बघत होतं? कुणीतरी बघत असणारच. त्या व्यक्तीने कदाचित लेख पाठवलाही नसेल, ‘मला चित्रातलं काय कळतंय’ म्हणून. पण आत्या किती वाजता उठायची, कुठल्या दिवशी तिच्याशी बोलायचं नाही, एखादं चित्र विकलं गेलं की तिला आनंद व्हायचा की ती दिवसभर गप्प असायची, हे त्यांनाच ठाऊक असणार.

माझे काका शिल्पकार होते. ते गेल्यावर त्यांच्याविषयी बोललं-लिहिलं गेलं ते बरंचसं तुमच्या लेखांसारखंच होतं. मग त्यांचे साचे काढणारे गृहस्थ भेटायला आले. मातीच्या मूर्तीवरून प्लास्टरचा साचा घेताना, साधा एकदाच वापरायचा साचा असेल तर, आतली माती खरवडून काढावी लागते आणि मूळ मूर्ती नष्ट होते. आपण केलेली ती मूर्ती शिल्पकाराला परत कधीच दिसत नाही. ते गृहस्थ म्हणाले, साचा घ्यायच्या आदल्या रात्री साहेब मूर्तीवरचं ओलं फडकं काढून डोळे मिटून बसायचे आणि नुसत्या हातांनी चेहरा पुन्हा पुन्हा तपासायचे. आम्ही घरच्यांनी हे कधी पाहिलं नव्हतं. ओली फडकी तर आम्ही रोज बघत होतो! काकांबद्दल मी जे काही लिहिलं त्यात ती दोन वाक्यं मला सगळ्यात मोलाची वाटतात, आणि ती माझी नाहीत.

आता आईंच्या म्हणण्याबद्दल. न रंगवलेली वर्षं लिहा. अमुक साली थांबली, अमुक साली पुन्हा सुरुवात केली, एवढं नोंदवलं तरी पुरे. कारण तिने स्वतः कुणाला सांगितलं असेल तर तिच्या शब्दांत द्या, नसेल सांगितलं तर आपण अंदाज बांधायचा नाही. परतल्यानंतरचं पहिलं चित्र शोधा आणि ते थांबण्याआधीच्या शेवटच्या चित्रासमोर, समोरासमोरच्या पानांवर छापा. आणि फाडलेल्या चित्रांबद्दल माझं मत ठाम आहे : तो निव्वळ रागाचा किस्सा नव्हे. काय ठेवायचं आणि काय नाही हे ठरवणं हा कलावंताच्या कामाचाच भाग आहे. जी चित्रं उरली ती तिने निवडून ठेवलेली आहेत, हे वाचणाऱ्याला कळायला हवं. मात्र आजारपणातले तपशील, पैशांवरून हयात माणसांशी झालेले वाद, विश्वासाने कानात सांगितलेलं काही, हे वगळा. छापण्याआधी सगळा मजकूर आईंना वाचून दाखवा. ऐकताना त्या स्वतःच आणखी चार गोष्टी सांगतील असं मला वाटतं.

प्रेमाने लिहायचं आणि खरंही लिहायचं, हे आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांनी करून दाखवलं आहे. त्यांचे पती, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली गेले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९३४ पासून भागाभागांनी आली. टिळकांचा तापट स्वभाव, न सांगता घर सोडून जाणं, हातातले पैसे दुसऱ्याला देऊन टाकणं, सगळं त्यात आहे. ते वाचून टिळक कुणाला लहान वाटत नाहीत. उलट ते घरात वावरताना दिसतात.

एक आणखी. पुस्तकातली निम्मी पानं चित्रांना द्या. व्हिन्सेंट व्हॅन गॉग १८९० च्या जुलैत गेला आणि त्याचा भाऊ थिओ पुढच्या जानेवारीत. थिओची बायको योहाना तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती, पदरी एक वर्षाचा मुलगा. दिराची चित्रं आणि पत्रांचा गठ्ठा तिच्याकडे आला. पत्रांवर बहुतेक ठिकाणी तारीखच नव्हती. ती लावण्यात तिची वर्षं गेली. पत्रं तिने छापली ती १९१४ साली. आधी चित्रांना मान मिळू दे, माणसाबद्दलचं कुतूहल नंतर, तसं न करणं गेलेल्या कलावंतावर अन्याय ठरेल, अशी तिची भूमिका होती. तोवर ती प्रदर्शनं भरवत राहिली. तुम्हाला तेवढं थांबायची गरज नाही. पण प्रत्येक चित्राखाली साल, माध्यम आणि माप (आधी उंची, मग रुंदी) द्या आणि चित्र पानभर मोठं छापा. चार चित्रं एका पानावर दाटीवाटीने नकोत.

प्रश्न : वडिलांनी काढलेली चित्रं आणि स्केचेस एका ट्रंकेत आहेत. बरीच कागदावर, थोडी कॅनव्हासवर. बहुतेकांवर सही नाही. चुलतभाऊ म्हणतो, सगळ्यांच्या कोपऱ्यात त्यांची सही घालून लॅमिनेट करून टाकू, म्हणजे कायमची टिकतील. त्याचं सामान आणायला जातोय.

उत्तर : त्यांना आजच थांबवा. ही दोन्ही कामं परत फिरवता येत नाहीत.

लॅमिनेशनमध्ये उष्णतेने वितळलेला गोंद कागदाच्या तंतूंत शिरतो, तो पुढे निघत नाही, आणि पेन्सिल, खडू, जलरंग कायमचे त्याखाली जातात. सहीचं म्हणाल तर, मुलाने प्रेमाने घातलेली सहीसुद्धा पुढच्या पिढीला खोटी सहीच ठरते आणि मग वडिलांनी खरोखर सही केलेल्या चित्रांवरही शंका येते. त्याऐवजी चित्राच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने क्रमांक घाला. बॉलपेन नको, त्याची शाई आणि दाब दोन्ही पुढच्या बाजूला उमटतात. तोच क्रमांक वहीत लिहा आणि समोर चित्राचं वर्णन, माप, माध्यम, सालाचा अंदाज, तो अंदाज कशावरून केला आणि कुणी सांगितलं, हे सगळं नोंदवा. आईला साल आठवणार नाही, पण ‘तू शाळेत जायला लागला होतास’ हे आठवेल. तेच लिहा.

ट्रंकेत चित्रांमध्ये वर्तमानपत्रं घातली असतील तर काढा, पण आधी त्यांवरची तारीख वहीत उतरवा, ती पुरावा असू शकते. वर्तमानपत्राच्या कागदातलं आम्ल शेजारच्या कागदाला पिवळं करतं. मधे आम्लरहित कागद घाला. चिकटपट्टी कुठेही लावू नका. आधीची वाळलेली असेल तर ओढून काढायला जाऊ नका. फाटलेल्या, बुरशी आलेल्या चित्रांसाठी प्रशिक्षित संवर्धकच गाठा. फ्रेम कराल तेव्हा काच थेट रंगाला टेकू नये, मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवा. जलरंग उन्हाने उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही, म्हणून भिंत निवडताना उन्हाची दिशा पाहा. कॅनव्हास ओल्या फडक्याने पुसू नका. गुंडाळावाच लागला तर मोठ्या व्यासाच्या नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून. आत ठेवली तर रंगाचा थर चेपून तडकतो.

नोंदवहीचं काम कंटाळवाणं वाटेल, पण मला विचाराल तर वडिलांसोबत बसण्याचा याहून चांगला मार्ग नाही. कच्ची स्केचेस सोडू नका. एकच हात दहा वेळा काढलेला कागद हा पूर्ण झालेल्या चित्राइतकाच जपायचा.

प्रश्न : आई गायची. घरगुती बैठकींच्या कॅसेट आहेत. डिजिटल करताना खोकला, मधलं बोलणं काढून नुसतं गाणं ठेवावं का?

उत्तर : मूळ प्रत जशीच्या तशी ठेवा. मधेच थांबून ती तबलजींना काय म्हणाली, कुठली ओळ पुन्हा घेतली, हे तिचं गाणंच आहे. ऐकायला म्हणून छाटलेली प्रत वेगळी करा.

सगळ्यात आधी प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे छोटे तुकडे मोडा, म्हणजे चुकून वरून रेकॉर्डिंग होणार नाही. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लावूच नका, जाणकाराकडे द्या. बाकीच्या कॅसेट लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे फिरवून घ्या. टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे टेप जिथे टेकून वाचली जाते तो भाग, स्वच्छ करा. फाइल वेव्ह (WAV) स्वरूपात, म्हणजे आवाजाचा तपशील न गाळता, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. एमपी३ फक्त नातेवाइकांना पाठवण्यासाठी. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. कॅसेट त्यानंतरही टाकू नका. आणि साथीला कोण होतं हे सांगणारं जे कुणी आज हयात असेल, त्यांना या आठवड्यातच ऐकवा.

प्रश्न : दिवंगत भावाने (तो चित्रकार होता) मित्राला लिहिलेली पत्रं मित्राने मला दिली. छापू का? विकली गेलेली चित्रंही छापायची आहेत.

उत्तर : पत्राचा कागद मित्राचा होता, आता तुमचा. त्यातल्या मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्या पश्चात वारसांचा. मृत्युपत्राने तो तुम्हाला दिला नसेल तर तुमच्या वहिनी आणि भाचरांना विचारावं लागेल. हयातीत न छापलेल्या पत्रांचा हा हक्क भारतात ती पहिल्यांदा छापल्यानंतर, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं टिकतो; चित्रांचा हक्क मृत्यूनंतर, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं. युरोपीय संघातल्या देशांत साधारणपणे मृत्यूनंतर ७० वर्षं. चित्र विकलं म्हणून छापण्याचा हक्क आपोआप विकला जात नाही. मात्र मोबदला घेऊन कुणाच्या मागणीवरून चित्र काढलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर आपल्या कायद्यात तो हक्क मागणी करणाऱ्याकडे जातो. त्या चित्रांची यादी वेगळी करा. परवानगी लेखी घ्या. मित्रालाही निवडलेली पत्रं छापण्याआधी दाखवा. त्यात त्यांच्याही घरच्या गोष्टी असणार.