मृत्युपत्रात देणगी लिहिली तर मुलं कोर्टात जातील का?

71 वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. पुण्यात स्वतःच्या कमाईचं घर, 32 लाखांच्या मुदत ठेवी. ज्या गावात शिकवलं तिथल्या वाचनालयाला 5 लाख ठेवायचे होते, पण हात थांबला होता. "मुलं म्हणतील, आईने आमचा हक्क दुसऱ्याला दिला."

मृत्युपत्राच्या सल्ल्यासाठी आमच्याकडे येणारे बहुतेक जण हीच भीती घेऊन येतात. हिंदू व्यक्ती स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकते. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मात्र फक्त आपला हिस्सा. (मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाची मर्यादा आहे.) बाईंचं सगळंच स्वकष्टार्जित होतं.

घोळ होता तो त्यांनी लिहून आणलेल्या मसुद्यात: "अमुक क्रमांकाची 5 लाखांची ठेव गावच्या वाचनालयास." आजारपणात तीच ठेव मोडली, तर देणगी संपली. नूतनीकरणात क्रमांक बदलला, तर वादाला जागा. नुसतं "5 लाख द्यावेत" लिहिलं, तर उलटा धोका: उपचारांत ठेवी आटल्या तरी आधी 5 लाख द्यायचे आणि कात्री लागायची मुलांच्या वाट्याला. म्हणून आम्ही सुचवलं, की देणी, दवाखाना आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता ठेवींत जे उरेल त्याचे 15 टक्के. ठेवी घटल्या तर देणगीही त्याच प्रमाणात घटते.

"गावचं वाचनालय" हे कायद्याच्या लेखी नाव नव्हे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता लिहायचा. ती संस्था तेव्हा नसली तर कोणाला, हेही. हेतू सैल ठेवा. "इमारतीच्या छपरासाठी" लिहिलं आणि छप्पर आधीच झालं, तर पैसे अडकतात.

ठेवींवर मुलगा नॉमिनी होता. बँक पैसे त्याच्याच हाती देणार, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्रानुसार वाटप करायचं असतं. त्याला हे आधी माहीत नसेल तर भांडण इथेच पेटतं. बाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं, आणि मुलीला मृत्युपत्राची व्यवस्थापक, म्हणजे त्याची अंमलबजावणी करणारी व्यक्ती, नेमलं.

सही दोन साक्षीदारांसमोर झाली. वाचनालयाचे विश्वस्त साक्षीला यायला तयार होते, आम्ही नको म्हटलं: ज्याला मिळणार त्याच्या बाजूचा माणूस साक्षीला असला की दबावाचा संशय येतो. सहीच्या दिवशीच डॉक्टरांचा मानसिक सुस्थितीचा दाखला घेतला. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी ऐच्छिक, तरी दुय्यम निबंधकांकडे करून घेतली. मूळ प्रत कुठे ठेवली आहे हे मुलीला ठाऊक आहे.