ट्रॅकवर पंधरा मिनिटांत मागचा डिफ तापतो, पिनियन सील गळतो: कूलर लावू का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मागच्या चाकांवर चालणारी ३०० किलोवॅटची गाडी, मागे डिफ (डिफरेन्शियल, म्हणजे ताकद दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा डबा) क्लच प्लेटवाला एलएसडी, म्हणजे दोन चाकांच्या गतीतला फरक आवरणारा. ट्रॅकवर पंधरा मिनिटं झाली की मागून जळका वास येतो, पिनियन सीलजवळ तेल दिसतं, आणि ७५डब्ल्यू-९० गिअर तेल काढून त्याहून जाड ७५डब्ल्यू-१४० भरलं तरी फरक पडला नाही. तर कूलर लावावा का?

बहुधा लावावा लागेल, पण आधी तेलाचं तापमान मोजा. आणि मोजण्याआधी फुकटात होणाऱ्या काही गोष्टी उरका, नाहीतर कूलर दुसऱ्याच कुठल्यातरी दोषाची उष्णता उपसत बसेल.

जाड तेलाने फरक का पडला नाही ते बघा. पिनियन (ड्राइव्हशाफ्टकडचा छोटा गिअर) ज्या मोठ्या गिअरला फिरवतो तो क्राउन; पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यातून जात नाही, खाली सरकलेला असतो. यालाच हायपॉइड म्हणतात. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घासतातही. यात साधारण ३ ते ५ टक्के ताकद उष्णता होऊन जाते. ट्रॅकवर सरासरी १५० किलोवॅट धरले, तर ४ टक्क्यांनी ६ किलोवॅट, म्हणजे एकेक किलोवॅटचे सहा हीटर त्या डब्यात सतत चालू. तेल, क्राउन-पिनियन आणि केसिंग मिळून एक अंश चढायला ढोबळमानाने २० किलोज्यूल लागतात. हवेने काहीच उष्णता नेली नाही, तर तापमान मिनिटाला १८ अंश चढेल. सव्वा लिटर तेलाचा या २० मध्ये वाटा जेमतेम दोन-अडीच किलोज्यूलचा. म्हणून मोठं कव्हर लावून अर्धा लिटर तेल वाढवलं, तर एखादी फेरी जास्त मिळेल, शेवटी स्थिरावणारं तापमान तेच राहील. पंख असलेल्या अॅल्युमिनियम कव्हरचं वेगळं आहे, पण त्याच्यावर वारा आला तरच. जाड तेलाने तापलेल्या दातांमध्ये थर टिकतो, थंडावा मिळत नाही. उलट घुसळण थोडी वाढते.

आता फुकटातल्या गोष्टी. सर्वांत दुर्लक्षित म्हणजे मागचे दोन टायर. डाव्या-उजव्या टायरचा परिघ वेगळा असेल, तर सरळ रस्त्यावरही दोन चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि एलएसडीच्या प्लेटी अखंड घसटत राहतात. हवा सारखी भरून टेपने परिघ मोजा. मी ५ मिमीपेक्षा जास्त फरक चालवून घेणार नाही.

मग तेलाची पातळी. गाडी सपाट उभी, आधी फिलर प्लग सैल करा आणि मगच ड्रेन, कारण फिलर अडकलेला निघाला तर रिकामा डिफ घेऊन बसाल. बहुतेक डिफमध्ये भोकाच्या काठापर्यंत तेल भरतात, काहींत मोजूनच, मॅन्युअल बघा. जास्त भरलं तर क्राउन ते घुसळून फेस करतो, आणि फेसाळलेलं तेल उष्णताही नेत नाही, दातांनाही धरत नाही.

तुमची गळती मला आधी ब्रीदरची, म्हणजे डिफमधली हवा आत-बाहेर सोडणाऱ्या छोट्या तोंडाची वाटते. तो चिखलाने बुजला असेल, तर आतली तापलेली हवा सीलच्या ओठातून तेल बाहेर ढकलते. ब्रीदर काढून फुंकून बघा. त्याला उंचावर नळी देऊन बाहेर येणारं तेल धरणारी छोटी कॅच टाकी लावली तर उत्तमच. शेवटी एक्झॉस्टचा पाइप किंवा मफलर डिफच्या शेजारून जातो का ते पाहा. जात असेल तर मध्ये हवेची फट ठेवून पत्र्याची शील्ड बसवा, केसिंगला चिकटवून नको.

मोजमापासाठी सेन्सर तेलात बुडालेला हवा. ड्रेन प्लगमध्ये बसणारे मिळतात, पण टोक क्राउनला लागत नाही ना ते तपासा. चकचकीत अॅल्युमिनियमवर इन्फ्रारेड गन बरंच कमी तापमान दाखवते. तीच वापरायची तर केसिंगवर मॅट काळ्या रंगाचा ठिपका द्या आणि त्यावर रोखा. चांगल्या सिंथेटिक तेलात १२० अंशांपर्यंत मी निश्चिंत असेन. १२० ते १४० मध्ये एकदोन ट्रॅक दिवसांनी तेल बदलायचं. १४० च्या वर थांबायचं. ७५डब्ल्यू-९० तेल १०० अंशांना १३.५ ते १८.५ सेंटिस्टोकचं (दाटपणाचं एकक) असतं, १४० अंशांना निम्म्याहून खाली येतं. नायट्राइल रबराचे सीलही या तापमानाला कडक होतात, म्हणून बदलताना एफकेएमचा (जास्त उष्णता सोसणाऱ्या रबराचा) सील मागा.

सगळं करूनही १४० दिसत असेल, तर कूलर. पंप डिफच्या जवळ आणि शक्य तितका खाली ठेवा, कारण तो ढकलतो छान, ओढतो वाईट. ओढणारा पाइप जाड घ्या, एएन-१० मापाचा, आणि पंपाआधी १०० मायक्रॉनच्या आसपासची जाळी. त्याहून बारीक जाळी घट्ट तेलाने गुदमरते. तेल तळाच्या भोकातून घ्या आणि वर, पिनियन बेअरिंगच्या बाजूला सोडा, ब्रीदरच्या तोंडाशी नको. पंप रिलेवरून, थर्मोस्विचने ९० अंशांना सुरू होईल असा जोडा. थंड घट्ट तेलावर चालवलात तर मोटर किंवा फ्यूज जाईल. भरून झाल्यावर पंप चालवून पाइप आणि कूलर भरू द्या, मग पातळी पुन्हा बघा.

पंपाचा प्रवाह मिनिटाला ६ लिटर असेल आणि कूलरने ४ किलोवॅट काढायचे असतील, तर तेल कूलरमधून साधारण २० अंश थंड होऊन बाहेर पडलं पाहिजे. आत-बाहेर पाचच अंशांचा फरक दिसला, तर पंप ठीक आहे, वारा येत नाही: डक्टच्या कडा बंद करा आणि गरम हवेला मागे मोकळी वाट द्या. गाडीखाली नुसता टांगलेला कूलर निम्मं कामही करत नाही. पाइप मात्र ड्राइव्हशाफ्ट आणि एक्झॉस्टपासून लांब, क्लॅम्प लावून न्या. एक पाइप फुटला तर हाच पंप १२-१५ सेकंदांत डिफ कोरडा करतो, म्हणून प्रवाह थांबल्यावर पेटणारा दिवा डॅशवर हवाच.

आता काढाल त्या तेलात ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप दिसला तर काळजी नको. चकत्या किंवा सुईसारखे तुकडे दिसले, किंवा कव्हर उघडल्यावर दातांवर निळी छटा दिसली, तर पोलादाचा कडकपणा उतरला आहे. कूलरचे पैसे आधी क्राउन-पिनियनच्या जोडीला लागतील. हळू वळताना मागून कडकड येत असेल, तर एलएसडीसाठीचा फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटी अडकत न घसरता सुरळीत सरकाव्यात म्हणून तेलात घालतात ते द्रव्य) संपला आहे किंवा नव्या तेलात मुळात नाही. जीएल-५ (गिअर तेलाचा दर्जा) एवढंच लिहिलेल्या डब्यात तो असेलच असं नाही.