कॅन्सरच्या ऑपरेशननंतर सारखं ॲडमिट करावं लागतंय, म्हणजे ऑपरेशन फसलं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं ऑपरेशन होऊन महिना झाला, तेवढ्यात दोनदा परत ॲडमिट करावं लागलं आणि घरचे म्हणतायत ऑपरेशनच फसलं. ऑपरेशन कशाचं ते लिहिलं नाहीत. तरी सांगते, परत ॲडमिट होणं म्हणजे ऑपरेशन फसणं नव्हे, आणि कॅन्सर परत आला असंही नव्हे. पहिल्या महिन्यातले घोळ बहुतेक वेळा इन्फेक्शन, टाके, आतडी सुस्तावणं, अंगातलं पाणी कमी होणं असलेच असतात. पण ते "घरचे म्हणतायत" वाचलं आणि डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसले.

माझा रेक्टमचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर होता. गाठ काढून आतडं जोडलं आणि जोड भरून येईपर्यंत लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून बॅग लावली, इलिओस्टोमी. आठव्या दिवशी घरी सोडलं. निघताना नर्सने बजावलं होतं की बॅग मापाच्या मगमध्ये रिकामी करायची आणि आकडा वहीत लिहायचा. पहिले तीन दिवस ७००, ८००, ७५० मिली. मग ११००. मग १८००, आणि तेही नुसतं पाणी.

मी म्हटलं हॉस्पिटलला फोन करू. मोठे दीर म्हणाले, "काही झालेलं नाही, तुला घाबरायची सवय लागलीय, जुलाब कुणाला होत नाहीत? भरपूर पाणी पी." ते बोलले की आमच्याकडे विषय संपतो. नवरा गप्प. मग मी पाणी पीत बसले, ग्लासावर ग्लास, आणि जेवढं प्यायले त्याहून जास्त बॅगेत. रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले, लघवी दिवसात दोनदा, तीही गर्द, आणि हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची. वहीत आकडा २६००. सकाळी बाथरूममधून येताना दाराची चौकट धरून उभी होते, पुढचं पाऊल टाकवेना. जाऊबाईंनी बघितलं आणि कुणालाही न विचारता ॲम्ब्युलन्स बोलावली. (त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.)

कॅज्युअल्टीतल्या त्या लहानखुऱ्या डॉक्टर मुलीने नाडी बघायच्या आधी वही मागितली. क्रिएटिनिन (रक्तातला किडनीचा आकडा, वाढला की किडनीवर ताण) ०.८ चं २.७ झालेलं. चार दिवस सलाईन. तिनेच समजावलं की मोठं आतडं रोज लिटर-दीड लिटर पाणी आणि मीठ परत शोषून घेतं, माझ्या बाबतीत तेच वगळलं गेलं होतं, आणि अशा वेळी नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर उलट शरीरातलं मीठ आतड्यात ओढलं जातं आणि पाण्याबरोबर बॅगेत. मग साधं पाणी दिवसाला एक लिटरच्या आत, बाकी ओआरएस घोट घोट, आणि इन्फेक्शन नाही हे तपासून झाल्यावर जेवणाआधी अर्धा तास लोपेरामाईड, जुलाब कमी करणारं औषध. तिसऱ्या दिवशी आकडा ९०० वर आला.

आणि तेच दीर भेटायला येऊन काय म्हणाले? "बघ, ऑपरेशनच नीट केलेलं नाही." काही झालेलं नाही म्हणणारा माणूस आठवड्यात ऑपरेशन फसलं म्हणतो! जोड एकदम शाबूत होता, सर्जनने तपासून सांगितलं. किमो मात्र तीन आठवडे लांबली, ती कुणामुळे ते मी कधी बोलले नाही. इथे बोलते.

तर दवाखान्यात न्यायचं की नाही हे घरात मतदान घेऊन ठरवू नका. ताप ३८ सेल्सिअसच्या वर (१००.४ फॅरनहाइट), सारख्या उलट्या, पोट फुगून बॅग भरायचीच बंद झाली, एकच पोटरी सुजून दुखायला लागली, धाप लागली, यातलं काहीही असलं तर थेट उठून जायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. इलिओस्टोमीत दिवसाला १५०० मिलीच्या वर गेलं तर त्याच दिवशी फोन. फुकट हेलपाटा पडला तर पडला.

हो, आणि मी डॉक्टर नाही. ओआरएसमध्ये मीठ आणि पोटॅशियम दोन्ही असतं, वडिलांना किडनीचा किंवा हार्टचा त्रास असेल तर माझं वाचून सुरू करू नका, विचारा. मोठ्या आतड्याची बॅग, म्हणजे कोलोस्टोमी असेल तर हे आकडे लागू नाहीत. आणि बॅगच नसेल तर माझी अर्धी गोष्ट तुमच्या कामाची नाही, ते आता लक्षात येतंय.

माझी बॅग नंतर बंद केली. वही अजून आहे, दीर येणार असले की टीव्हीखाली दिसेल अशी ठेवते. अजून एकदाही हात लावला नाही त्यांनी.

ऑपरेशन नेमकं कशाचं झालं आणि दोन्ही वेळा डिस्चार्ज कार्डवर काय लिहिलं होतं ते कळवा, मग काहीतरी धड सांगता येईल.